लढाई संपल्याचा निरोप

माउबिसी, ४ सप्टेंबर २०२३

एवारिस्तोदादा,

अहवाल लिहायला बसले आहे. आधी ठिकाण, मग तारीख, मग पाहिलेलं, आणि वाटलेलं सगळ्यात शेवटी, तेही जागा उरली तर. ही तुमचीच शिकवण. डोंगरावरच्या तळावर फळीवर कोळशाने अक्षरं काढून तुम्ही आम्हा पोरींना लिहायला शिकवलंत, आणि मग मला चिठ्ठ्या पोचवायच्या कामाला लावलंत. तेव्हा मी सोळाची होते. आता साठी उलटली आहे, पाऊस यायच्या आधी गुडघे कुरकुरतात, आणि चौकात माझं टपरीएवढं दुकान आहे. तुम्ही मात्र होतात तेवढेच राहिलात. मेलेल्या माणसाची ही एक सोय असते.

तुमची बेर्ता आली होती. तळ फुटला तेव्हा ती आईच्या पाठीला बांधलेली होती. आता राजधानीत, दिली शहरात, शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि तुमच्यासारखीच समोरच्याच्या छातीवर बोट रोखून बोलते. या वेळी मात्र बोट वर आलं नाही. माझ्या बाकड्यावर बसून रडली. तिची मुलगी, म्हणजे तुमची नात इवेती, भर दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर कोसळली. शुद्धीवर आल्यापासून दारात जो येईल त्याला जाड आवाजात विचारते, "परवलीचा शब्द?" शेजारीण असो, पाद्री असो, सख्खा भाऊ असो. उत्तर आलं नाही की भिंतीला पाठ लावून थरथरत बसते. अन्नाला शिवत नाही. इस्पितळात रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले आणि काही नाही म्हणाले. काही नाही म्हणता म्हणता पोरगी वाळत चालली आहे.

मग माउसेराआजाला बोलावलं. आपल्या गावच्या पवित्र घराचा तो शब्दधनी, पूर्वजांशी बोलायचा मान त्याच्या घराण्याकडे. त्याने कोंबडा कापला, काळीज उलटंपालटं करून पाहिलं, आणि म्हणाला, "हा पोरीचा आजा. अजून पहाऱ्यावर बसलाय. लढाई संपली हे त्याला कुणी कळवलंच नाही."

"मग तुम्ही कळवा की," बेर्ता म्हणाली.

"मी? माझा आवाज तो ओळखतो का? शत्रूचा माणूस समजून गोळी घालेल. ओळखीचा आवाज पाहिजे. आणि एकदम नाही सांगायचं, बये. इतकी वर्षं अंधारात बसलेल्याच्या डोळ्यांवर कुणी एकदम ऊन सोडतं का? आधी जग कसं झालंय ते थोडं थोडं सांगायचं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी 'लढाई संपली' हे शेवटचं वाक्य सांगायचं आणि त्याला खाली घेऊन यायचं."

तुमचा आवाज ऐकलेली आणि तुम्ही जिचा आवाज ऐकलेला, अशी मी एकटीच उरले आहे. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

हाडं सापडली नाहीत, म्हणून रिवाजाप्रमाणे नदीतला दगड ताइसात, आपल्या हातमागाच्या कापडात, गुंडाळून पेटीत ठेवतील. सरकारने हुतात्म्यांच्या बागेत, त्यांच्या दफनभूमीत, तुमच्यासाठी जागा राखली आहे. बिगुल वाजणार आहे. आजा म्हणतो, मेलेल्याला कागद दिसत नाही, आवाज ऐकू येतो. तेव्हा मी लिहायचं, आणि रविवारी प्रार्थना झाली की डोंगराच्या पायथ्याशी जाऊन मोठ्याने वाचायचं. म्हणजे मी जे वाचणार नाही ते तुम्हाला कळणार नाही. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि मी हो म्हटलं.


१७ सप्टेंबर

दादा,

आज पहिल्यांदा वाचलं. सुरूच्या झाडाखाली पान-सुपारी ठेवली आणि आधी परवलीचा शब्द म्हटला. तळ फुटला त्या दिवशीचा शब्द 'काळी म्हैस' होता. मला पक्का आठवतो, कारण सगळ्या चौक्यांना तो मीच पोचवला होता. जवळपास कुणी नव्हतं ते बरं. डोंगराला 'काळी म्हैस, काळी म्हैस' म्हणून हाका मारणारी म्हातारी दिसली असती तर पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढून गावभर फिरवला असता. संध्याकाळी बेर्ताचा फोन आला. "मावशी, इवेती जेवली! भात खाल्ला, वर मिरचीचा ठेचा मागितला!" म्हणजे तुम्ही ऐकता आहात.

परवलीच्या शब्दानंतर मी वाचलं ते असं:

'आता चिठ्ठी पोचवायला मुलगी लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात एक काचेची पाटी असते, तिच्यात बोललं की समुद्रापलीकडे ऐकू जातं. मी दुकानात त्या बोलण्याची मिनिटं विकते. माणसं पैसे देतात आणि परदेशातल्या मुलाशी भांडतात. मुलं परदेशात का, तर इथे काम नाही. शिकलेली पोरं विलायतेत कोंबड्या कापायच्या कारखान्यात उभी असतात. पैसा अमेरिकेचा चालतो, आपली फक्त चिल्लर. मोठी दुकानं चिन्यांची. शाळेत भाषा पोर्तुगिजांची, ज्यांना आपण घालवलं त्यांची. आणि घराघरात नूडल्स त्यांच्या पाठोपाठ चाल करून आलेल्या शत्रूच्या देशातल्या. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतात त्या त्याच. बायका त्यांच्या मालिका बघून रडतात, पोरं त्यांची गाणी म्हणतात. राजधानीत त्यांचा झेंडा आहे, आणि आपले पुढारी तिथे जाऊन हात मिळवतात.'

यात एक अक्षर खोटं नाही. तुमचा तर्क कुठे धावेल हे मला माहीत आहे. शत्रू जिंकला, आपण गेलो. धावू दे. मी मुद्दामच तसं लिहिलं आहे.

आता न वाचलेलं.

माझा भाऊ कालिस्तो तुम्हाला आठवतो का? दोन्ही हातांनी दगड मारून पेरू पाडायचा तो. शेवटच्या त्या महिन्यांत आपण गवत उकडून खात होतो. शत्रूच्या विमानातून कागद पडले: लढाई संपली, खाली या, भात मिळेल. तुम्ही हुकूम काढलात की लढाई संपली म्हणेल तो फितूर. कालिस्तोने कागद उचलला आणि लेकुरवाळ्या बायांना जमवून म्हणाला, "लढाई संपली हे खोटं असेल. पण भात खोटा नसेल. पोरांना घेऊन खाली जा." काही बाया गेल्या. त्याला तुम्ही बांधलंत आणि म्हशीच्या गोठ्याखाली खणलेल्या खड्ड्यात टाकलंत. मग मला चिठ्ठी देऊन पलीकडच्या डोंगरावर पाठवलंत. मी परत आले तेव्हा खड्डा रिकामा होता. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "कॉम्रेड, प्रश्न विचारायची ही वेळ नाही." पुढे थोड्याच दिवसांत तळावर बॉम्ब पडले. तुम्ही चौघांना घेऊन कड्याच्या बाजूला वर गेलात, ते परत आला नाहीत, आणि विचारायला कुणी उरलंच नाही.

मी त्याचं नाव सरकारच्या हुतात्म्यांच्या यादीत घालायला गेले होते. टेबलापलीकडचा माणूस भला होता. हळूच म्हणाला, "शत्रूने मारला असं म्हणा, मावशी. सोपं जाईल." मी उठून आले. शत्रूला माफ करायचे सोहळे झाले, भाषणं झाली, हार घातले गेले. आपल्याच माणसांनी मारलेल्यांचं काय, हे कुणी बोलत नाही. आई गेली तेव्हाही दाराकडे बघत गेली.

म्हणून एवढंच मी आज वाचनाच्या शेवटी घातलं आणि तीनदा वाचलं: 'कालिस्तो कुठे आहे ते सांगा. स्वप्नात या, जागा दाखवा. मग मी तुम्हाला एक बातमी सांगेन, तिच्यासाठीच तुम्ही एवढे दिवस बसला आहात.'

मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला नाही.


८ ऑक्टोबर

दादा,

स्वप्न पडलं नाही. उशाखाली पान ठेवलं, आजाच्या सांगण्याप्रमाणे पूर्वेला डोकं केलं. एकदा आई दिसली, एकदा दुकानाचं कुलूप. तुम्ही आला नाहीत. जिवंतपणी चौकशीला उत्तर दिलं नाहीत, मेल्यावर काय देणार? मीही मग हट्टाला पेटले. गेल्या दोन रविवारी आणखी असंच वाचलं. पेट्रोल कुणाचं, सिमेंट कुणाचं, मोटारसायकली कुठून येतात. निवडून निवडून वाचलं.

काल बेर्ता पुन्हा आली. बसली नाही.

"मावशी, तुम्ही तिथे जाऊन वाचता तरी काय?"

"जग कसं झालंय ते. आजाने सांगितलं तेच."

"मग पोरगी पिसाळल्यासारखं का करते? आधी जेवायला लागली होती. आता माझे परीक्षेचे पेपर चुलीत घातले. 'कागद जाळा, जिवंत सापडू नका' म्हणत मागच्या दाराने विहिरीकडे पळाली. चौघांनी धरली तिला. चौघांनी! अंगात मूठभर मांस नाही तिच्या."

तुमच्या नातीला मी काही केलं नव्हतं, असं मनाशी म्हणत होते. पण केलं होतं. मी तुम्हाला लढाई हरल्याचं भासवत होते आणि ती पोरगी मरायला निघाली होती.

"आणि आणखी एक," बेर्ता म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला. "मधूनच म्हणते, कैद्याची दोरी बघा. ढिली असेल तर आवळा. रोज म्हणते, मावशी. बाबांकडे कैदी होता का कुणी?"

दादा, मी दुकानाच्या पायरीवर खाली बसले. तिला वाटलं मला चक्कर आली, पाणी आणायला धावली. चक्कर नव्हती. इतकी वर्षं मी धरून चालले होते की कालिस्तो मेला, सुटला, फक्त त्याची माती कुठे ते कळायचं राहिलं आहे. पण तुमची लढाई जर अजून चालू असेल, तर त्याचीही चालूच असणार. तुम्ही पहाऱ्यावर असाल तर तो कुठल्यातरी खड्ड्यात बांधलेला असणार. पहारा उठला नाही तर कैदी कसा सुटेल? आणि शेवटचं वाक्य दाबून मी तुम्हाला शिक्षा देत होते. ती त्यालाही बसत होती.

ते पाणी मी प्यायले आणि बेर्ताला म्हटलं, "बस. होता कैदी."


२२ ऑक्टोबर

दादा,

आज वाचन नाही. आधी घरातलं निस्तरू दे.

बेर्ताला मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचं बोट वर आलं. "खोटं आहे हे. शत्रूने उठवलेल्या वावड्या आहेत. त्यांच्या नावाचा रस्ता आहे दिलीत! दर वर्षी त्यांचं भाषण मी मुलांकडून पाठ करून घेते!"

"ते भाषण मीच चौक्यांवर पोचवलंय, बाळ. चांगलं होतं. मलाही पाठ आहे."

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलू? तुझ्याशी? तुला बाप नव्हता, होतं ते फक्त त्याचं नाव. ते कसं काढून घेऊ?"

ती निघून गेली. केलेली कॉफी तशीच राहिली. मला वाटलं, आता ती येत नाही, आणि इवेतीचं जे व्हायचं ते होणार. मला फार वाईट वाटलं. तुम्हाला हे सांगून काय उपयोग, पण वाटलं.

आठवडा गेला आणि ती माउसेराआजाला घेऊनच आली. त्याला तिने स्वतः सगळं सांगितलं होतं. आजाला आता नीट दिसत नाही, तरी माझ्याकडे तोंड करून फणकारला, "मला आधी बोलली असतीस तर! मी एकाच दगडाचा विधी बांधत बसलो होतो. इथे दोन लागतात."

"सरकार दुसरा दगड घेत नाही," मी म्हटलं. "विचारून झालंय माझं."

"सरकारला काय विचारायचं त्यात? विचारायचं तुला. मारणाऱ्याच्या घरच्याने गेलेल्याच्या घरी यायचं, पान पुढे करायचं आणि माणूस मागायचा. त्याशिवाय दुसरा दगड जागचा उठत नाही. ही कामं बिगुलाने होत नाहीत."

बेर्ताने पिशवीतून पान काढलं. मुख्याध्यापिकाबाई माझ्या दुकानाच्या मातीच्या जमिनीवर गुडघ्यांवर बसली. नूडल्सच्या खोक्यांना टेकून मी उभी होते.

"मावशी, तुमचा भाऊ मागायला आलेय."

"मी तुझ्या बापाला माफ केलेलं नाही, बेर्ता. करीन असंही नाही."

"माफी नाही मागत मी. मला तोंड नाही त्याला. तुमच्या भावाला घरी आणायला आलेय. माझ्या बापाने नेला, मी आणते."

मी पान घेतलं. खाताना चुना जास्त झाला, जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं ते मी चुन्यावर ढकललं.

बेर्ताने हुतात्म्यांच्या बागेची जागा नको म्हणून कळवून टाकलं. तिथले साहेब म्हणाले, कार्यक्रम ठरलाय, पाहुणे येणार आहेत. ती म्हणाली, पाहुण्यांना जेवू घाला. दोन्ही दगड इथेच, गावच्या स्मशानात, शेजारी शेजारी ठेवायचे. शेजार मला पसंत नाही. पण कालिस्तोला एकटं ठेवणं त्याहून पसंत नाही. एकटा तो पुष्कळ राहिला आहे.

इवेती आता चमच्याने पाजलं तेवढंच पाणी घेते. तेव्हा मृतांचा दिवस येईपर्यंत तग धरू दे एवढीच माझी प्रार्थना आहे.


२ नोव्हेंबर
(डोंगरावर वाचायचं. सगळं.)

एवारिस्तोदादा,

मी ओलिंदा. या वेळी पायथ्याशी थांबले नाही, कड्यापर्यंत चढून आले आहे. खाली तळाच्या जागेवर बेर्ता दोन ताइस घेऊन उभी आहे. इवेतीला तिच्या भावाने पाठीवर आणलं आहे.

आतापर्यंत मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. उरलेलं ऐका.

नूडल्स त्यांच्या आहेत, पण त्यांचे सैनिक कधीच बोटींत बसून परत गेले. जाताना घरं जाळून गेले, ती आपण पुन्हा बांधली. राजधानीत त्यांचा झेंडा आहे, तो पाहुण्यासारखा एका घरावर आहे. बाकी सगळीकडे आपला आहे, तुम्ही तळावर शिवून घेतला होतात तोच. त्यासाठी लोकांनी रांगा लावून मतं दिली. मीही लावली. पहाटेपासून उभी होते, आणि माझ्या पुढे एक आंधळी म्हातारी होती, ती चालत आली होती. विमानाचा आवाज आला की पोरं आता लपत नाहीत, बाहेर येऊन हात हलवतात.

आणि एक गोष्ट तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल, ती सांगते. आपली संसद आहे. तिथे माणसं एकमेकांना फितूर म्हणतात, टेबलं बडवतात, आणि बाहेर येऊन एकाच ठिकाणी कॉफी पितात. निवडणूक हरलेला पुढारी घरी जातो, बायकोची बोलणी खातो आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो. त्याला कुणी बांधत नाही. तुम्ही ज्या देशासाठी उपाशी मेलात तो असा झाला आहे. गरीब आहे, बेशिस्त आहे, दिवे जातात, रस्ते वाहून जातात. पण 'चला, खाली जाऊ' म्हणायला त्यात कुणी घाबरत नाही. तुम्हाला हे पाहायला मिळालं नाही. कालिस्तोलाही नाही. मला तुम्हा दोघांचंही वाईट वाटतं. तुमचं वाईट वाटतं याचा मला राग येतो, तरी वाटतं.

लढाई संपली म्हणेल तो फितूर, असा तुमचा हुकूम होता. तर मग मी फितूर.

लढाई संपली, दादा. हा विमानातून पडलेला कागद नाही. हे मी सांगते आहे, तुमची ओलिंदा, जिने तुमची एकही चिठ्ठी कधी पाण्यात पडू दिली नाही. लढाई संपली आणि आपण जिंकलो. आपण जिंकलो, दादा.

कालिस्तो कुठे आहे ते आता मला सांगू नका. मला जागा नको. मी सौदा करत होते, तो मोडला.

पहारा उठवा. इवेतीच्या दारातून बाजूला व्हा, पोरीला जेवू दे. चौघा कॉम्रेडांनाही सांगा, त्यांची घरची माणसं पानं घेऊन आली आहेत.

आणि उतरायच्या आधी मागे जा. कालिस्तोचे हात सोडा. गाठ घट्ट झाली असेल, सुटली नाही तर कापा. त्याला उभं राहता येणार नाही, पाय गेले असतील. तुम्ही त्याला पाठुंगळी घ्या. त्याचं आता काही ओझं व्हायचं नाही. घाई करू नका, वाट निसरडी आहे. आम्ही खाली थांबलो आहोत.